गांडूळ नसलेले अरण्य

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. फळ्यावर गांडुळाची आकृती काढावयाची. ते माती खाते, जमीन भुसभुशीत करते, पाचोळ्याचे खत बनविते, हे मुलांकडून वदवून घ्यावयाचे. आणि शेवटी डार्विनचे नाव सांगून तास संपवावयाचा, हा माझा ठरलेला क्रम. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा मध्येच उभा राहिला व म्हणाला, "सर, जिथं गांडुळंच नसतील, तिथं झाडं वाढतच नाहीत का?" मी त्याला खाली बसविले. वाळवंटाखेरीज अशी जागा कोठे असणार, असे मला त्या वेळी वाटले. पुढे त्या प्रश्नाने मलाच स्वस्थ बसू दिले नाही. हाताशी येईल ते वाचीत गेलो, तेव्हा कळले की जगातील एक मोठे आणि संपन्न अरण्य हजारो वर्षे गांडुळावाचून वाढले आहे, आणि आज त्या अरण्याला जी चिंता लागली आहे ती गांडुळाचीच आहे. त्या अरण्याविषयी आज थोडे बोलणार आहे. ते मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो; माझे ज्ञान पुस्तकांचे व नकाशांचे आहे.

हे अरण्य उत्तर अमेरिकेत, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वरच्या टोकास, सुपिरियर नावाच्या सरोवराभोवती पसरलेले आहे. सरोवर म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे एखादा मोठा तलाव येतो. पण सुपिरियरचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या गोव्यासारखे बावीस प्रदेश त्यात मावतील. या सरोवराच्या काठच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांच्या उत्तर भागात, आणि सीमेपलीकडे कॅनडात, हे अरण्य आहे. याच्या उत्तरेस स्प्रूस, फर अशा सुईसारख्या पानांच्या, सदा हिरव्या वृक्षांचे राज्य. दक्षिणेस ओक, मेपल अशा रुंद पानांच्या, शिशिरात पाने गाळणाऱ्या वृक्षांचे. मधल्या या पट्ट्यात दोन्ही कुळे एकत्र नांदतात. पांढरा पाईन, तांबडा पाईन, बर्च, ॲस्पेन, मेपल, बासवूड, दलदलीच्या कडेला सीडर व काळा स्प्रूस, असा तो मिश्र संसार आहे. म्हणूनच वनशास्त्रज्ञ त्याला उत्तरेचे मिश्र अरण्य म्हणतात. येथील थंडीची कल्पना आपल्याला यावयाची नाही. मिनेसोटातील टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा शून्याखाली ५१ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता.

या थंडीतच आपल्या कथेचा उगम आहे. काही हजार वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश बर्फाखाली होता. बर्फ म्हणजे हिवाळ्यात पडून उन्हाळ्यात वितळणारे हिम नव्हे. मैल-दीड मैल जाडीची, हळूहळू सरकणारी हिमाची लादी. तिने डोंगर घासून सपाट केले, खडक दळून पीठ केले, आणि जमिनीत जागोजाग खळगे पाडले. साधारण चौदा ते दहा हजार वर्षांपूर्वी ती उत्तरेकडे हटली, तेव्हा खळग्यांत पाणी साचून हजारो तळी झाली. एकट्या मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी मोजलेली आहेत. उघड्या पडलेल्या मातीवर मग दक्षिणेकडून गवत आले, वृक्ष आले, पक्षी आले, हरणे आली. गांडूळ मात्र आले नाही. बर्फाने तेथील मातीतला त्याचा वंश पुसून टाकला होता, आणि दक्षिणेकडे जी गांडुळे उरली होती त्यांची चाल फार मंद. गांडूळ आपल्या आपण पसरू लागले तर वर्षाला फार तर पाच-दहा मीटर पुढे जाते. बर्फ हटल्यानंतरच्या एवढ्या सहस्रकांतही ते या अरण्यात पोहोचू शकले नाही.

मग गळून पडलेल्या पानांचे काय होत असे? येथे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. शरद ऋतूत मेपल व बर्च यांची पाने पिवळी-तांबडी होऊन खाली पडतात. आपल्या उष्ण हवेत पाचोळ्याची माती व्हावयास फार काळ लागत नाही. एका पावसाळ्यात बरेच काम उरकते. तेथे वर्षातील पाच-सहा महिने जमीन गोठलेली, आणि पाने ओढून नेणारे गांडूळ नाही. राहता राहिली बुरशी, जीवाणू आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे. ही मंडळी संथपणे काम करतात. यंदाच्या पानांखाली गेल्या वर्षाची अर्धवट कुजलेली पाने, तिच्याखाली त्याआधीच्या वर्षांची, असा चार-पाच बोटे जाडीचा एक मऊ थर त्या अरण्याच्या तळाशी तयार झाला. कोकणात झाडाखालच्या वाळल्या पानांना पातेरा म्हणतात. पण हा थर नुसता पातेरा नाही. वरून पातेरा, मध्ये स्पंजासारखे काळपट जाळे, त्यात बुरशीचे धागे आणि झाडांची बारीक मुळे एकमेकांत गुंतलेली, अशी ती एक गोधडीच आहे. वितळत्या हिमाचे पाणी ती धरून ठेवते. मुळांना कडक थंडी लागू देत नाही. पानांतील अन्नद्रव्य ती एकदम सोडत नाही. पुरवून पुरवून देते.

त्या अरण्यातील लहान झाडेझुडपे या गोधडीच्या भरवशावर जगावयास शिकली. ट्रिलियम नावाचे एक रानफूल तेथे वसंतात फुलते: तीन पाने, तीन पाकळ्या, आणि रंग दुधासारखा पांढरा. हिम वितळल्यापासून वरच्या झाडांना पालवी फुटेपर्यंत जो थोडा काळ जमिनीवर ऊन पडते, तेवढ्यात त्याला फुलून घ्यावे लागते. बी रुजल्यापासून पहिले फूल येण्यास सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. त्याच्या बियांना एक स्निग्ध अंश चिकटलेला असतो. त्याच्या लोभाने मुंग्या बी वाहून नेतात आणि खाऊन झाल्यावर टाकून देतात. ते बी रुजते याच थरात. मेपलची रोपेही येथेच मूळ धरतात. ओव्हनबर्ड म्हणून एक लहान पक्षी आहे. तो जमिनीवर वाळल्या पानांचे घुमटीसारखे, भट्टीच्या तोंडासारखे घरटे बांधतो. भट्टीवरूनच त्याचे नाव पडले. पातेराच नसेल तर त्याने घर कशाचे बांधावे, आणि कशाखाली लपवावे?

या थरावर पहिला घाला एकोणिसाव्या शतकात पडला, आणि तो कुऱ्हाडीचा व आगीचा होता. आग या अरण्याला नवी नाही. जॅक पाईन नावाच्या वृक्षाची फळे राळेने अशी घट्ट चिकटलेली असतात की आगीची धग लागल्यावाचून बहुतेक उघडतच नाहीत. आगीनंतर बी राखेवर पडते आणि नवे रान उगवते. जाड सालीचे जुने पाईन जमिनीलगतच्या आगी सोसून तीन-तीनशे वर्षे जगत. पण पूर्वेकडची शहरे वाढू लागली, त्यांच्या घरांसाठी पांढऱ्या पाईनचे लाकूड हवे झाले, आणि एक-दोन पिढ्यांत या तीनही राज्यांतील पाईनचे बहुतेक रान कापून निघाले. सोट तेवढे नदीतून वाहून नेले. फांद्या, शेंडे, साली जागच्या जागी टाकल्या. उन्हाळ्यात त्या ढिगांना आग लागली म्हणजे ती जुन्या आगींसारखी नसे.

८ ऑक्टोबर १८७१ या दिवशी विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो हे लाकडाच्या व्यापाराचे गाव अशाच आगीत जळाले. त्याच रात्री शिकागो शहर पेटले, त्यामुळे पेश्टिगोची वार्ता त्या बातमीखाली झाकून गेली. आजूबाजूचे सुमारे १२ लाख एकर रान व शेत जळाले. मेलेल्यांची संख्या १,२०० पासून २,५०० पर्यंत सांगतात. नोंद ठेवणारेच उरले नाहीत तेथे मोजणार कोण? त्या गावचे धर्मगुरू फादर पीटर पर्निन हे कित्येक तास नदीच्या थंड पाण्यात उभे राहून वाचले, आणि १८७४ मध्ये त्यांनी पाहिलेले लिहून छापले. त्या रात्रीविषयी आज जे काही निश्चित माहीत आहे, त्यातील बराच भाग त्या पाद्रीबाबांच्या लेखणीचे ऋण आहे. पुढे १ सप्टेंबर १८९४ रोजी मिनेसोटातील हिंकली येथे तसेच घडले. चारशेहून अधिक माणसे मेली. या आगींत झाडे तर गेलीच, पण जमिनीवरची ती गोधडीही कित्येक ठिकाणी खालच्या खनिज मातीपर्यंत जळून गेली.

एक तुकडा मात्र वाचला, आणि तो माणसाच्या शहाणपणाने वाचला असे म्हणता येत नाही. १८८२ साली जमिनीची मोजणी करणाऱ्यांनी उत्तर मिनेसोटातील एका भागाचा नकाशा काढताना चूक केली. जेथे उंच पाईनचे रान उभे होते तेथे त्यांनी कॉडिंग्टन तळ्याचे पाणी दाखविले. तळे विकत घेऊन लाकूड कोण तोडणार? सारा मुलूख उजाड झाला तरी तो १४४ एकरांचा तुकडा उभा राहिला. आज त्याला 'हरवलेले चाळीस' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि लोक मुद्दाम तो पाहावयास जातात. माझ्या वर्गातील नकाशाच्या चुका मी तांबड्या शाईने खोडतो. ही एक चूक मात्र मी खोडली नसती.

तोडलेल्या जागी हळूहळू ॲस्पेन, बर्च, मेपल पुन्हा वाढले. मिनेसोटातील एक मोठा प्रदेश १९०८ मध्ये राष्ट्रीय वन म्हणून राखला गेला. त्याला आज चिप्पेवा राष्ट्रीय वन म्हणतात. नवी गोधडी विणली जाऊ लागली होती. अशा वेळी, कोणाच्याही लक्षात न येता, दुसरा पाहुणा येऊन पोहोचला.

युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी आपल्याबरोबर फळझाडांची व फुलझाडांची रोपे मातीसकट आणली. जहाजांना तोल राहावा म्हणून माती-दगड भरून आणीत आणि बंदरावर उतरवून टाकीत. या मातीतून युरोपातील गांडुळे अमेरिकेत उतरली. शेतात व बागेत त्यांचे स्वागतच झाले. परंतु शेतापासून रानातील तळ्यापर्यंतचे अंतर त्यांनी कसे तोडले? स्वतःच्या चालीने गेली असती तर अर्धा मैल जावयास शतक लागले असते. त्यांना वाहून नेले ते मासे पकडणाऱ्या हौशी माणसांनी. आमच्याकडे ओढ्यावर गरवायला जाणारी मुले नारळाच्या करवंटीत गांडुळे घेऊन जातात, आणि घरी परतताना उरलेली तेथेच काठावर टाकतात. तेथेही नेमके हेच झाले. डबा भरून गांडुळे विकत घ्यावयाची, दिवसभर तळ्यावर बसावयाचे, आणि संध्याकाळी उरलेल्या जीवांना मारण्यापेक्षा दयाबुद्धीने जंगलात सोडून द्यावयाचे. दहा हजारांवर तळी, आणि मासेमारी हा तेथील लोकांचा जीव की प्राण! शिवाय मोटारींच्या चाकांना लागलेल्या चिखलातून, रस्त्यासाठी आणलेल्या मातीतून गांडुळांच्या अंड्यांचे कोश गेले. म्हणून शास्त्रज्ञ रानात गांडुळे शोधू लागले, तेव्हा ती सापडली होड्या उतरविण्याच्या जागा, विश्रामगृहे आणि रस्ते यांच्या आसपास. तेथून ती रानाच्या आत एखाद्या सैन्याच्या फळीसारखी सरकत होती.

मिनेसोटा विद्यापीठाच्या सिंडी हेल, ली फ्रेलिक आदी संशोधकांनी चिप्पेवा वनातील मेपलच्या रानात या फळीच्या दोन्ही बाजू मोजून पाहिल्या. जेथे गांडूळ पोहोचलेले नाही तेथे पाय रुततो असा मऊ तळ, रोपांची दाटी, रानफुले. काही अंतरावर, त्याच रानात, त्याच मेपलखाली, उघडी काळी माती. मोठ्या झाडांची मुळे वर आलेली. आणि त्यांच्या मधल्या जागेत जवळजवळ काही नाही. काम वाटून घेतल्यासारखे चालते. काही जातींची लहान गांडुळे वरचा पातेरा खातात. काही त्याखालचे जाळे मातीत कालवून टाकतात. आणि रात्री वर येणारे मोठे गांडूळ पडलेले पान न् पान आपल्या खोल बिळात ओढून नेते. जो थर जमावयास कित्येक वर्षे लागली तो थोडक्या वर्षांत नाहीसा होतो. बुरशीचे धागे तुटतात. अन्नद्रव्य मातीत एकदम मोकळे होते आणि पावसाबरोबर वाहून जाते. पृष्ठभाग आमच्या शेतातल्यासारखा भुसभुशीत होण्याऐवजी घट्ट होतो, लवकर सुकतो. ट्रिलियमसारखी फुले कमी होतात. मेपलचे बी पडते, पण रोप तग धरीत नाही. गॉब्लिन फर्न म्हणून एक चिमुकले, दुर्मिळ नेचे आहे. ते सारा जन्म त्या थरातच काढते आणि कित्येकदा पातेऱ्यावर डोकेही काढीत नाही. गांडुळे आलेल्या जागांवरून ते दिसेनासे झाले.

सारेच नाहीसे होते असे नाही. काही गवतासारख्या वनस्पती उलट माजतात. आणखी एक टिकून राहते ती वनस्पती ऐकून मला गंमत वाटली. पावसाच्या आरंभी आपल्या घाटात फणा काढल्यासारखा उभा राहणारा सापकांदा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच वंशातील एक भावंड त्या अरण्यात आहे, आणि ते गांडुळांच्या राज्यातही तग धरते. अळू-सुरणाच्या कुळातले ते. खाज आणणारे असल्यामुळे हरणेही त्याला सहसा तोंड लावीत नाहीत.

हरणांचा उल्लेख आला तो योग्यच झाला. जुने रान तोडल्यावर जे कोवळे रान वाढले त्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांना भरपूर चारा मिळाला, आणि त्याच काळात माणसाने लांडगे मारून संपवीत आणले. १९७४ मध्ये लांडग्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले, तोवर ते अलास्का वगळता त्या देशात मुख्यतः मिनेसोटाच्या ईशान्य कोपऱ्यात उरले होते. आज त्यांची संख्या बरीच सावरली आहे. पण हरणे अजून अनेक भागांत पुष्कळ आहेत. हजार रोपे असतील तेथे हरणाने शंभर खाल्ली तर रान ते सोसते. गांडुळांनी हजाराची पन्नास केली असतील, आणि हरणांना मात्र शंभर हवी असतील, तर मेपलची पुढची पिढी कोठून येणार?

तेथील मूळ रहिवासी ओजिब्वे लोक यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही. हिवाळा संपता संपता, रात्री गोठवणाऱ्या आणि दिवस उबदार होऊ लागले म्हणजे मेपलच्या खोडातून गोड रस वाहू लागतो. त्या दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे मेपलच्या रानात जाऊन राहतात, खोडाला खाच पाडून रस धरतात आणि आटवितात. सुमारे चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. त्याहून आटविला तर साखर. ज्यांनी आपल्याकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना त्या धुराचा व वासाचा अंदाज करता येईल. फरक इतकाच की ऊस आपण दरवर्षी लावतो, आणि आज ज्याचा रस काढतात ते मेपल बहुधा त्यांच्या पणजोबांच्या काळी रुजलेले असते.

यावर उपाय काय, असे आपण विचाराल. रानात एकदा पसरलेले गांडूळ पुन्हा काढून टाकण्याचा मार्ग कोणाजवळ नाही. औषध मारावे तर मातीतील इतर जीवही मरतील. उरतो तो एकच मार्ग: जेथे ते अद्याप पोहोचलेले नाही तेथे नेऊ नये. मासेमारांना सांगितले जाते की उरलेली गांडुळे तळ्याकाठी सोडू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका. चाके, बूट, अवजारे यांचा चिखल रानात शिरण्यापूर्वी धुऊन काढा. अलीकडे आशियातून गेलेली, चपळ उड्या मारणारी गांडुळेही तिकडे पसरू लागली आहेत, त्यामुळे बागेसाठी माती व खत नेताना तर विशेष जपावे लागते. डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर आपले अखेरचे पुस्तक लिहिले. त्यांच्यापुढे बासून व पियानो वाजवून त्यांना ऐकू येते काय, हेदेखील त्या गृहस्थाने पाहिले होते. पण त्याची माती इंग्लंडमधील होती; तेथे त्याने जे लिहिले ते खरेच होते.

गांडूळ कोठवर आले हे शोधण्याची एक पद्धत वाचून मला माझ्या वर्गाची आठवण झाली. जमिनीवर एक चौकट ठेवावयाची, आतील पाने बाजूला करावयाची, आणि कुटलेली मोहरी पाण्यात कालवून ते पाणी हळूहळू ओतावयाचे. मोहरीच्या झोंबण्याने गांडुळे काही मिनिटांत वर येतात. ती वेचून मोजावयाची व जात ओळखून लिहून ठेवावयाची. मोहरी मसाल्याच्या डब्यातली, चौकट सुताराकडून करून घेता येईल अशी. मिनेसोटा विद्यापीठातील मंडळींनी चालविलेल्या उपक्रमात शाळांतील मुलांनीही ही मोजदाद केली. एकाच रानात आत आत जात चौकटी ठेवतात. काठाजवळच्या चौकटीत वीस निघतात, पुढच्या चौकटीत पाच, त्यापुढच्या चौकटीत दोन. मुले घड्याळाकडे पाहत वाट पाहतात, पाणी मुरून जाते, वर काहीच येत नाही, आणि वहीत शून्य लिहिले जाते.

प्रश्न विचारणारा माझा विद्यार्थी आता वरच्या वर्गात गेला आहे. मधल्या सुटीत त्याला बोलावून मी हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "सर, आपल्या शाळेच्या मागं मोहरीचं पाणी ओतून बघू या का?" येत्या पावसाळ्यात ते करावयाचे आम्ही ठरविले आहे.